सिनेमाची पहिली बारा मिनिटं

वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत मी एकाही सिनेमाची सुरुवात पाहिली नव्हती. सिनेमे भरपूर पाहिले होते. कुंभकोणमात देवळांची कमतरता नाही आणि माझ्या लहानपणी थिएटरांचीही नव्हती. महिन्यातून एका रविवारी अप्पा, आई आणि मी संध्याकाळच्या सहाच्या खेळाला जायचो, आणि आम्ही जाऊन बसेपर्यंत पडद्यावर कोणीतरी मेलेलं असायचं.

याला जबाबदार राहुकाळ. महाराष्ट्रातल्या वाचकांनी हा शब्द ऐकला असेल, पण त्याच्या हाताखाली राहून पाहिलेलं नसेल. रोजच्या दिवसातला दीड तास राहूच्या मालकीचा असतो. त्या वेळात नवीन काही सुरू करायचं नाही, घरातून कामाला बाहेर पडायचं नाही. वेळ वाराप्रमाणे बदलते, म्हणून आमच्या भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर असतं आणि त्या पानावर तारखेखाली राहुकाळ छापलेला असतो. रविवारचा राहुकाळ साडेचार ते सहा. सिनेमा सहाला. अप्पा सहा वाजून एक मिनिटाने चपला घालत, आई कुलूप दोनदा ओढून बघे, आणि थिएटर आमच्या घरापासून पंधरा मिनिटांच्या अंतरावर होतं. जाहिराती वजा केल्या तर आमची बरोबर बारा मिनिटं बुडत.

साडेचारच्या आधी निघता आलं असतं, हे मी सातवीत असताना सुचवून पाहिलं. अप्पा म्हणाले, "दीड तास रस्त्यावर बसून काय करायचं? थिएटरवाला काय आपला व्याही आहे, आत बोलावून पाट मांडायला?" अप्पा मोठ्या रस्त्यावरच्या एका भांड्यांच्या दुकानात काउंटरवर होते. दुकान रविवारी दोनला बंद होई, मग जेवण, मग झोप. दुपारचा खेळ त्या झोपेवर पडे आणि संध्याकाळचा राहूवर. विश्वाची रचनाच अशी होती की आमच्या कुटुंबाने सिनेमाची सुरुवात पाहू नये.

(घरातली आमची मराठी इथे मी थोडी सरळ करून लिहिते आहे. आमचे पूर्वज कोणत्या तरी राजाच्या मागे तंजावरला आले, आणि राजा गेला तरी परत जायचं त्यांना कोणी सांगितलं नाही. त्यामुळे आम्ही घरात तीनशे वर्षांपूर्वीची मराठी बोलतो, तीही अर्धी तमिळ मिसळून, आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की नुसती तमिळ.)

सुरुवात बुडाल्यावर करायचं काय, याची आईने एक पद्धत बसवली होती. अंधारात चाचपडत जागेवर बसलं की ती शेजारच्या अनोळखी माणसाकडे झुकून तमिळमध्ये विचारी, "आत्तापर्यंत काय झालं?" तो जे सांगेल ती आमची सुरुवात. कोणी म्हणे, "काही नाही, एकाला मारलं." कोणी म्हणे, "दोन मुलं होती, ती मोठी झाली." एकदा एक बाई म्हणाल्या, "मला पण ठाऊक नाही, मी पण आत्ताच आले." त्या आमच्याच वळणाच्या निघाल्या. त्या दिवशी दोन कुटुंबांनी मिळून एक अख्खा सिनेमा अंदाजाने पाहिला.

पण एक रविवार वेगळा गेला. मी नववीत होते. सिनेमा खुनाचा होता, डोंगरावरच्या एका बंगल्यात पाहुणे जमलेले. आईने शेजारच्या गृहस्थांना नेहमीचा प्रश्न विचारला. ते गृहस्थ तो सिनेमा तिसऱ्यांदा पाहत होते आणि ज्ञान वाटण्याच्या बाबतीत अजिबात कंजूष नव्हते. म्हणाले, "तो कॉफी घेऊन येतोय ना, म्हातारा स्वयंपाकी? सगळं त्यानेच केलंय. आणखी तिघांना मारणार आहे."

अप्पा भयंकर चिडले. "झालं," ते मराठीत पुटपुटले, "चला घरी. आता राहिलंय काय?"

आम्ही घरी गेलो नाही, कारण तिकिटं काढलेली होती. आणि मग जे झालं ते मला अजून आठवतं. सगळं थिएटर त्या बंगल्याच्या मालकाला घाबरत होतं, कारण तो मिशीवाला होता आणि त्याच्यावर खालून उजेड टाकला होता. आमची तीन माणसं फक्त त्या हसऱ्या म्हाताऱ्याकडे बघत होती. तो पेला घेऊन खोलीत आला की आई माझं मनगट धरी. तो साखर ढवळत असताना लोक खोकत होते, मुरुक्कू म्हणजे चकल्या खात होते, आणि आम्ही श्वास घेत नव्हतो. शेवटी नायकाने पेला तोंडाला लावला तेव्हा अप्पा मोठ्याने म्हणाले, "पिऊ नको रे."

बाहेर तमिळ बोलणारे अप्पा भर थिएटरात मराठीत ओरडले होते. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. अप्पांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं, जणू ते वाक्य तोंडाला लागलेलं काहीतरी होतं.

या भक्कम पायावर मी पुढे पुण्याला जाऊन सिनेमाचं शिक्षण घेतलं.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. गावातल्या कॉलेजातून बी. ए. झाले, आणि मला पुण्याच्या अभ्यासक्रमात जागा मिळाली तेव्हा अप्पांनी एकच प्रश्न विचारला: "तिथे सिनेमा बघायला मार्क देतात?" मी हो म्हटलं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मग जा. घरी फुकट बघतेस ते तिथे मार्कांसाठी बघ." शनिवारी विठ्ठलाच्या मठात ते भजनाला झांज वाजवत. तिथे त्यांनी मुलगी पुण्यात सिनेमाची पदवी घेते आहे असं जाहीर केलं, आणि असली पदवी असते यावर मठातल्या एकाही माणसाचा विश्वास बसला नाही. तरी अप्पा सांगतच राहिले. त्यांचं हे ऋण मी विसरलेले नाही, आणि पुढे जे लिहिते आहे ते वाचून मी विसरले असं कोणाला वाटलं तर तो माझ्या लिहिण्याचा दोष.

पुण्याला निघताना माझं प्रस्थान ठेवलं होतं. हीही समजून घ्यायची गोष्ट. आपल्याला हव्या त्या मुहूर्तावर निघता येत नसेल तर त्या मुहूर्तावर आपलं सामान निघतं. एखादी पिशवी, एखादी पेटी चांगल्या वेळी शेजारच्या घरी नेऊन ठेवायची. मग प्रवास सुरू झाला असं धरतात आणि माणूस मागाहून सोयीने जाऊन पेटीला गाठतो. एकदा बाहेर पडलेली पेटी परत उंबऱ्याच्या आत आणायची नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी कॉफीपूडवाल्यांचं दुकान आहे. सगळ्या गल्लीची प्रस्थानं तिथेच ठेवली जातात. माझी कपड्यांची ट्रंक दळणाच्या यंत्राशेजारी दोन दिवस पडून होती. पहिलं सहामाही सत्र संपेपर्यंत माझ्या प्रत्येक कुर्त्याला ताज्या भाजलेल्या कॉफीचा वास येत होता. हॉस्टेलच्या मुली म्हणायच्या की मी बखरीतल्यासारखी बोलते आणि हॉटेलसारखी दरवळते.

पुण्यात मी आयुष्यातली पहिली सुरुवात पाहिली. एका जुन्या परदेशी रहस्यपटाची होती. गच्चीवर एक बाई वाळलेले कपडे काढते आहे. एकेक घडी करते, टोपलीत ठेवते. तिची सासू, तिच्या दोन मुली खाली अंगणात दिसतात. घरात चार बायकाच आहेत. आणि टोपलीत शेवटी एक पुरुषाचा शर्ट जातो. बाई थांबत नाही, शर्टाची घडी करते, टोपली उचलते. बस. पाच मिनिटं.

आमचे सर म्हणाले, "काय जाणवलं?"

मी खरं ते सांगितलं. मला जाणवलं होतं की सिनेमा अजून सुरू व्हायचा आहे, कारण कोणी मेलेलं नव्हतं. आणि मी सवयीने शेजारच्या मुलाकडे झुकून "आत्तापर्यंत काय झालं?" असं विचारलंही होतं. त्याने मला सांगितलं, "काहीच नाही, कपडे काढले." तरी मी मनातल्या मनात त्या घरातला पुरुष शोधत बसले होते. सरांनी फळ्यावर इंग्रजीत बरेच शब्द लिहिले आणि मी ते सगळे वहीत उतरवून घेतले, कारण मी कष्टाळू विद्यार्थिनी होते. त्यातला एकही शब्द त्या पुरुषाबद्दल नव्हता.

पदवी घेऊन मी कुंभकोणमला परतले. साक्कोट्टैच्या पुढे शेतात उभ्या राहिलेल्या एका खाजगी कॉलेजात दृश्यमाध्यमांचा नवीन विभाग निघत होता आणि त्यांना एक अध्यापक हवा होता. नाही जमलं तर चेन्नईत एका ठिकाणी लग्नाच्या व्हिडिओंना संगीत जोडायचं काम तयार होतं. त्यांना सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं. मला हे कॉलेज हवं होतं. घरी राहून, शिकले त्याच्याच जिवावर उभं राहायचं होतं, आणि मठातल्या माणसांना अप्पांनी एकदा खात्रीने सांगावं असं वाटत होतं. कॉलेजचं पत्र आलं: शुक्रवारी सकाळी अकरा वाजता वीस मिनिटांचा नमुना तास घ्यावा. विषय त्यांनीच दिला होता. थरारपटाच्या सुरुवातीला दिग्दर्शक ताण कसा निर्माण करतात.

जगातले एवढे विषय सोडून.

अप्पांनी पत्र वाचलं नाही. ते उठून कॅलेंडरकडे गेले, पुढची पानं उलटली आणि म्हणाले, "शुक्रवार. साडेदहा ते बारा."

"मी साडेदहाच्या आधी निघेन, अप्पा."

"तू निघशील अगे. पण काम अकराला सुरू होणार. माणूस निघाला म्हणजे काम निघालं असं होत नाही. तुझं काम कशात आहे?"

माझं काम लॅपटॉपमध्ये होतं. पाच सिनेमांच्या सुरुवातींचे तुकडे, त्यावर खुणा, बाण, शब्द. महिनाभर बसून केलेलं. त्याची दुसरी प्रत पेनड्राइव्हमध्ये, आणि पेनड्राइव्ह लॅपटॉपच्याच बॅगेच्या पुढच्या कप्प्यात, कारण मी नीटनेटकी मुलगी आहे.

गुरुवारी संध्याकाळी सहाला अप्पांनी ती काळी बॅग कॉफीपूडवाल्यांकडे नेऊन ठेवली. मी कुरकुर केली. आई म्हणाली, "पुण्याला ठेवलं होतं ना प्रस्थान? पास झालीस की नाही?" या युक्तिवादाला पुण्यात शिकवलेलं कोणतंही उत्तर नव्हतं. शिवाय बॅग घरापासून साठ पावलांवर होती. शुक्रवारी दहाला जाता जाता उचलायची.

शुक्रवारी दहाला दुकानाचं शटर खाली होतं.

शेजारच्या फुलवालीने सांगितलं की कॉफीपूडवाल्यांच्या मुलीचं लग्न ठरलं आहे, आणि सगळं घर मुहूर्ताची साडी घ्यायला सकाळीच शेजारच्या तिरुभुवनमला गेलं आहे. साडेदहाच्या आत पहिली साडी हातात घ्यायची होती. राहू त्यांच्याही कॅलेंडरवर छापलेला होता. अप्पांनी फोन लावला. तो आम्हाला ऐकू आला, कारण तो शटरच्या आत वाजत होता. बहुधा माझ्या बॅगेच्या शेजारीच.

आम्ही दोघं त्या शटरसमोर उभे होतो. अप्पांनी कुलपाला हात लावून बघितला, जसं आई सिनेमाला जाताना बघायची.

"तू जा," ते म्हणाले. "साडेदहाच्या आत तू कॉलेजच्या फाटकात पाहिजेस. मी बघतो."

"काय बघणार तुम्ही?"

"जा म्हटलं ना."

मी रिक्षाने गेले. दहा पंचवीसला फाटकात पोचले, मुहूर्तावर, रिकाम्या हातांनी.

अकरा वाजले, सव्वाअकरा झाले, साडेअकरा झाले. बाकावर माझ्याशिवाय आणखी एकच उमेदवार होता. कोईमतूरचा तरुण, गळ्यात कॅमेरा, मांडीवर पातळसा चंदेरी लॅपटॉप. तो म्हणाला, "उशीर होतोय." मी म्हटलं, "बाराला बोलावतील." तो हसला. बारा वाजून दोन मिनिटांनी शिपाई बाहेर आला आणि म्हणाला, "चला, करस्पॉन्डंट साहेब आले." तमिळनाडूत खाजगी कॉलेज ज्याचं असतं त्याला करस्पॉन्डंट म्हणतात. पत्रात अकरा वाजता बोलावणारे हे गृहस्थ साडेदहापासून बाराचा ठोका पडेपर्यंत आपल्या गाडीत बसून होते. खिडकीतून मी ती गाडी बघत होते. एसी सुरू होता.

कोईमतूरच्या तरुणाचा तास आधी झाला. त्याने तुकडे दाखवले. ढोल एवढ्या जोरात वाजले की बाहेर बाक हलला. आत टाळ्या पडल्या. मी कपाळाला हात लावून बसले. त्यातला निदान एक सिनेमा माझ्या बॅगेतही होता.

बारा पंचविसाला मी आत गेले. पहिल्या रांगेत तिघं: करस्पॉन्डंट, इंग्रजी शिकवणाऱ्या प्राचार्यबाई आणि चेन्नईहून आलेले एक तज्ज्ञ, ज्यांनी डोळ्यावरचा काळा चष्मा काढला नव्हता. मागे वर्ग भरलेला दिसावा म्हणून कॉमर्सची वीसेक मुलं आणून बसवली होती.

"लॅपटॉप?" तज्ज्ञांनी विचारलं.

"नाही, सर. खडू चालेल."

करस्पॉन्डंटनी कागदावर काहीतरी लिहिलं. ते काय असेल याची मला कल्पना करता आली.

सुरुवातीची पाच मिनिटं मी वहीतले शब्द बोलले. कॅमेऱ्याचा कोन, रिकामी चौकट, पार्श्वसंगीत. कॉमर्सची मुलं अत्यंत आदराने झोपायला लागली. मग मी त्यांना त्या गच्चीवरच्या बाईचं सांगितलं, शर्टापर्यंत. एक मुलगी मान वर करून बघायला लागली. मग मी ठरवून टाकलं की महिनाभराचं काम शटरच्या आत आहे ते आहे, आणि त्यांना डोंगरावरच्या बंगल्यातला स्वयंपाकी सांगितला. शेजारच्या गृहस्थांसकट, आईच्या हातात अडकलेल्या माझ्या मनगटासकट. मी म्हटलं, "सगळ्या थिएटरात आम्ही तिघंच घाबरलो होतो, कारण आम्हाला एक गोष्ट जास्त ठाऊक होती. दिग्दर्शकाला सुरुवातीला एवढंच करायचं असतं. त्या गृहस्थांचं काम. प्रेक्षकाच्या कानात एक गोष्ट सांगायची आणि मग कोणालातरी सावकाश साखर ढवळायला लावायची. ढोल वाजवले की लोक दचकतात. पण दचकून झालं की परत मुरुक्कू खायला लागतात."

मुलं हसली. करस्पॉन्डंट हसले नाहीत. त्यांना ढोल आवडले होते. त्यांनी घड्याळ बघितलं.

तेवढ्यात मला अप्पा दिसले.

वर्गाचं दार सगळ्यांच्या पाठीमागे होतं, त्याला वर काचेचा चौकोन होता, आणि त्या चौकोनात अप्पांचा चेहरा होता. त्यांनी माझ्याकडे बघून बॅग उंच करून दाखवली. मग दाराला हात लावला. मग पहिल्या रांगेतल्या पाठी बघून काढून घेतला. मोठ्या माणसांच्या बैठकीत शिरायची त्यांना सवय नव्हती. मी मानेने खूण केली असती तर ते आत आले असते, मी लॅपटॉप उघडला असता, आणि उरलेल्या आठ मिनिटांतली चार तो सुरू होण्यात गेली असती.

मी खडू खाली ठेवला.

"कोणी मागे वळू नका," मी म्हटलं.

अर्थात सगळे वळणार होते. म्हणून मी लगेच पुढे बोलले, हळू आवाजात, सिनेमागृहात बोलतात तसं. "दाराच्या काचेतून एक माणूस आत बघतो आहे. साठीचा असेल. घामाने शर्ट भिजलेला आहे. त्याच्या हातात एक काळी बॅग आहे. ती त्याची नाही. तो माझ्या बोलण्याकडे लक्ष देत नाहीये, तो पहिल्या रांगेतल्या तिघांच्या पाठीकडे बघतो आहे. आत्ता त्याने दाराला हात लावला. काढला. परत लावला."

पंख्याचा आवाज येत होता. प्राचार्यबाईंनी मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरली. करस्पॉन्डंटचं पेन कागदावर टेकलेलं होतं आणि हलत नव्हतं. तज्ज्ञांनी अखेर चष्मा काढला. एकाही मुलाची मान वळली नाही, हे मला अजून खरं वाटत नाही.

"मी आत्तापर्यंत एकही खोटं वाक्य बोललेले नाही," मी म्हटलं. "ताण एवढ्यानेच येतो."

आणि दार उघडलं. आधी कॉफीचा वास आला, मग अप्पा.

"अगे, उशीर झाला," ते मराठीत म्हणाले.

वीस मुलं एकदम हसली, त्यातली दोन किंचाळून हसली. करस्पॉन्डंट अर्धे उठलेले होते, ते परत बसले. "हे कोण?"

"माझे वडील, सर."

"आणि बॅगेत काय आहे?"

"तास आहे, सर."

तज्ज्ञांनी विचारलं, "हाच सीन तुम्ही केला तर तोडाल कुठे?"

"दार उघडायच्या आधी," मी म्हटलं. "आत आल्यावर कळतं की तो कोणाचा तरी बाप आहे. मग घाबरण्यासारखं काही उरत नाही."

अप्पा दाराशीच उभे होते, बॅग दोन्ही हातांनी छातीशी धरून, जणू तीच मुलाखतीला आली होती.

आम्हाला बाकावर बसवून ठेवलं. अप्पांनी कोईमतूरच्या तरुणाची विचारपूस केली, त्याला जेवून जा म्हणाले, घर कुठे आहे तेही सांगितलं. एक वाजून गेल्यावर करस्पॉन्डंट स्वतः बाहेर आले. तरुणाला म्हणाले, "तुम्हाला कळवू." मला म्हणाले, "सोमवारी कामावर या." दोन पावलं पुढे जाऊन ते थांबले. "कॉलेज साडेआठचं आहे. पहिल्या दिवशी तुम्ही नऊच्या नंतर या."

सोमवारचा राहुकाळ साडेसात ते नऊ.

"भला माणूस आहे," अप्पा म्हणाले.

साक्कोट्टैच्या थांब्यावर बस मिळाली. अप्पा खिडकीशी बसले, बॅग मांडीवर. मी मनातल्या मनात हिशेब घालत होते. तिरुभुवनमला जाणं, साड्यांच्या ढिगाऱ्यात कॉफीपूडवाल्यांना शोधणं, किल्ली घेऊन परत येणं, शटर उघडणं, मग इथवर. हे सगळं बाराला सुरू करून साडेबाराला संपत नाही.

"अप्पा, तुम्ही राहुकाळात निघालात?"

"छे." ते खिडकीबाहेर बघत होते. "घरातून साडेदहाच्या आधीच निघालो होतो ना, तुझ्याबरोबर? तिथून पुढे चालूच होतं."

"आणि तिरुभुवनमची बस?"

"ती काय मी सुरू केली? ती मायिलाडुतुरैला निघालेलीच होती. मी मध्ये चढलो."

 ज्या माणसाने वीस वर्षं राहूपायी एकाही सिनेमाची सुरुवात पाहिली नाही, तो भर राहुकाळात दोन बस बदलून माझं प्रस्थान सोडवायला गेला होता, आणि आता कायद्याची पळवाट काढून बसला होता. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी पुढच्या सीटची दांडी धरली.

बस नदीजवळ आली तेव्हा अप्पा माझ्याकडे झुकले.

"मी आलो तेव्हा बरंच होऊन गेलं होतं," ते म्हणाले. "आत्तापर्यंत काय झालं?"

मी त्यांच्या कानाशी गेले आणि अनोळखी माणसं सांगतात तसं एका वाक्यात सांगितलं, "एका मुलीची बॅग कोणीतरी कॉफीच्या दुकानात ठेवली आणि वर कुलूप पडलं."

"कोणी ठेवली?"

"आत्ताच सांगू?"

अप्पांनी थोडा विचार केला. "नको," ते म्हणाले, आणि बॅग आणखी घट्ट धरली.